क्रोमचं १०० वं व्हर्जन येणार म्हटल्यावर वेबसाइटवाल्यांना घाम का फुटला होता?

फोनवर एखादी वेबसाइट नीट उघडत नसेल तर आपण काय करतो? कोपऱ्यातले तीन ठिपके दाबतो, खाली स्क्रोल करतो आणि 'डेस्कटॉप साइट'वर टिक करतो. पान पुन्हा लोड होतं आणि मोबाइलच्या स्क्रीनवर कॉम्प्युटरचं पान येऊन बसतं. अक्षरं मुंगीएवढी होतात, पण काम होतं.

आता त्या एका टिकने नेमकं काय झालं? फोन तोच, नेट तेच, ब्राउझर तोच. बदललं एवढंच की ब्राउझर वेबसाइटशी खोटं बोलला. 'मी मोबाइल नाही, कॉम्प्युटर आहे,' असं त्याने सांगितलं आणि वेबसाइटने ते निमूटपणे मान्य केलं.

ब्राउझरने आपली ओळख सांगायची आणि वेबसाइटने त्यावरून काय दाखवायचं ते ठरवायचं, हा प्रकार १९९० च्या दशकापासून चालत आलाय. आणि याच प्रकारामुळे २०२२ च्या सुरुवातीला गूगल आणि मोझिला या एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे इंजिनिअर एकाच प्रश्नाने हैराण झाले होते. प्रश्न ऐकायला बालवाडीतला वाटेल.

९९ नंतर १०० येतात, हे जगातल्या सगळ्या वेबसाइट्सना माहितीये का?

झालं असं की क्रोमचं १०० वं व्हर्जन २९ मार्च २०२२ ला येणार होतं आणि फायरफॉक्सचं १०० वं ३ मे २०२२ ला. तोपर्यंत ब्राउझरचे आकडे एकअंकी होते किंवा दोनअंकी. पहिल्यांदाच तीन अंकी होणार होते.

आपल्यासारख्या वापरणाऱ्यांना यात काहीच विशेष वाटलं नाही. क्रोमचा लोगो थोडा बदलला, २०१४ नंतर पहिल्यांदाच, आणि सोशल मीडियावर चर्चा झाली ती त्याचीच. 'यात बदललंय काय?' म्हणून मीम्स पण आले. पण ज्यांच्या डोक्यावर वेबसाइट चालू ठेवायची जबाबदारी असते, त्यांच्यासाठी लोगो गौण होता.

वॉचमनचं रजिस्टर

कुठल्याही सोसायटीत गेलात तर गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो. नाव, कुठून आलात, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय. ब्राउझर वेबसाइटकडे जातो तेव्हा तोही अशीच एक ओळ लिहून देतो. तिला 'युजर एजंट' म्हणतात. आपल्याला ती दिसत नाही, पण प्रत्येक पान उघडताना ती जातेच जाते.

आता समजा, रजिस्टर छापताना कुणीतरी फ्लॅट नंबरसाठी दोनच चौकोन ठेवले. सोसायटीत तेव्हा ४० फ्लॅट होते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पुढे इमारती वाढल्या आणि एक दिवस १०० नंबरच्या फ्लॅटचा पाहुणा आला. वॉचमनने चौकोनात बसेल तेवढं लिहिलं, १०. पाहुणा गेला भलत्याच घरी.

बऱ्याच वेबसाइट्सच्या कोडमध्ये हेच होतं. 'क्रोम या शब्दापुढचे दोन अंक वाच' असं कुणीतरी २०१० ते २०१५ च्या दरम्यान कधीतरी लिहून ठेवलेलं. ८५ असेल तर ८५ वाचलं जाणार, ९९ असेल तर ९९. पण १०० आले की वाचले जाणार १०. आणि क्रोम १० हे २०११ सालचं व्हर्जन आहे. म्हणजे आज सकाळी अपडेट केलेला ब्राउझर घेऊन तुम्ही जाणार आणि वेबसाइट म्हणणार, 'तुमचा ब्राउझर फार जुना आहे, कृपया अपडेट करा.'

तुम्ही अपडेट बघणार. आधीच झालेलं आहे. पुढे काय करायचं?

दुसरी चूक याहून मजेशीर आहे. फोनच्या गॅलरीत किंवा कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये कधी कधी 'फोटो १०' हा 'फोटो २'च्या आधी दिसतो, बघितलंय? कारण तिथे आकड्यांना आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून लावलेलं असतं. शब्दकोशात जसा 'कमळ' हा 'खण'च्या आधी येतो, फक्त पहिलं अक्षर बघून, तसं १० मधला १ हा २ च्या आधीचा. संपलं. कोड लिहिणाऱ्याने व्हर्जनची तुलना अशी अक्षरांसारखी केली असेल, तर १०० हे ९९ पेक्षा लहान ठरतं. कारण १ हा ९ पेक्षा लहान. आणि ९९ पर्यंत ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण दोन्हीकडे दोन-दोन अंक असले की उत्तर बरोबरच येतं.

या चुका नवख्या पोरांच्याच असतात असंही नाही. आपल्या आधीच्या पिढीने 'वाय टू के' बघितलंय. साल लिहायला दोनच अंक ठेवले म्हणून २००० आणि १९०० यातला फरक कॉम्प्युटरला कळेना, आणि ते निस्तरायच्या कामावर आपल्याकडच्या कितीतरी आयटी कंपन्या उभ्या राहिल्या. जागा वाचवायची, 'तोपर्यंत कोण बघतंय' म्हणायचं आणि पुढे जायचं, ही सवय जुनी आहे.

पण मुळात ब्राउझरचं नाव विचारायचंच कशाला?

इथे थोडं मागे जायला लागेल, कारण ही गोष्ट आहे फार भारी.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रातून 'मोझॅक' नावाचा ब्राउझर आला. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट चित्रांसकट दाखवणारा तो पहिला लोकप्रिय ब्राउझर. १९९४ मध्ये नेटस्केप आला. त्याचं कंपनीतलं टोपणनाव होतं 'मोझिला', म्हणजे मोझॅकला मारणारा. ओळख सांगायच्या ओळीत तो स्वतःला मोझिलाच म्हणवून घ्यायचा.

नेटस्केपला मोझॅकपेक्षा जास्त गोष्टी जमायच्या. मग वेबसाइटवाले काय करायला लागले? आलेल्या पाहुण्याने 'मोझिला' नाव सांगितलं की त्याला नवं, सजवलेलं पान द्यायचं. बाकीच्यांना साधं. 

तेवढ्यात मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्स्प्लोरर आलं. त्याला साधं पान मिळायला लागलं, कारण त्याचं नाव मोझिला नव्हतं. मायक्रोसॉफ्टने सरळ मार्ग काढला. आपल्या ओळखीच्या ओळीची सुरुवातच 'मोझिला'ने केली आणि पुढे हळूच 'कम्पॅटिबल' असं जोडलं. म्हणजे, मी मोझिला... सारखाच आहे हो. दार उघडलं.

मग ही परंपराच पडली. केएचटीएमएल नावाचं इंजिन वापरणाऱ्यांनी 'लाइक गेको' म्हणजे 'मोझिलाच्या गेको इंजिनसारखाच' असं लिहिलं. त्या केएचटीएमएलपासून ॲपलने वेबकिट बनवलं, २००३ मध्ये सफारी आणला आणि जुनी सगळी नावं ठेवून स्वतःचं जोडलं. २००८ मध्ये गूगलने वेबकिटवर क्रोम बनवला. त्याने सफारीचंही नाव ठेवलं. परिणामी कॉम्प्युटरवरचा क्रोम १०० वेबसाइटला काय सांगायचा, ते कंस वगळून लिहिलं तर असं आहे: 

मोझिला/५.० विंडोज एनटी १०.० ॲपलवेबकिट/५३७.३६ केएचटीएमएल लाइक गेको क्रोम/१०० सफारी/५३७.३६

एका ओळीत इतक्या घराण्यांची नावं आणि त्यातलं खरं एकच. २०१३ मध्ये गूगलने वेबकिट सोडून स्वतःचं ब्लिंक इंजिन घेतलं, तरी ॲपलवेबकिट हे नाव तसंच. विंडोज ११ वर असलात तरी तिथे १०.० च लिहून येतं. मायक्रोसॉफ्टचा नवा एज तर ही अख्खी ओळ घेतो आणि शेवटी 'एज' लिहिताना इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं 'ई' गाळतो, कारण पूर्ण लिहिलं तर वेबसाइट्स त्याला जुना एज समजायच्या.

हे सगळं बघितलं की लक्षात येतं, ब्राउझर कंपन्या हौस म्हणून खोटं बोलत नव्हत्या. वेबसाइटवाल्यांनी नाव बघून दार लावायचं आणि ब्राउझरवाल्यांनी नाव बदलून आत शिरायचं, असा पंचवीस-तीस वर्षांचा खेळ आहे हा.

ऑपेराला आधीच ठेच लागली होती

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. इथे ठेच ऑपेराला लागली होती, २००९ मध्ये.

ऑपेरा हा ९ वरून १० वर जाणारा पहिला मोठा ब्राउझर. त्याच्या टेस्टिंगमध्ये दिसलं की बऱ्याच वेबसाइट्स एकच अंक वाचतात. ऑपेरा १० म्हणजे त्यांच्या लेखी ऑपेरा १. पान मोडायचं नाहीतर दारातूनच हाकललं जायचं. शेवटी ऑपेराने माघार घेतली. ओळखीच्या सुरुवातीला कायमचं 'ऑपेरा/९.८०' ठेवलं आणि खरा १० चा आकडा ओळीच्या शेवटी वेगळा लिहिला. नंतर ११ आलं, १२ आलं, पण सुरुवातीला ९.८० च.

चूक वेबसाइट्सची, पण वय लपवायला लागलं ऑपेराला. कारण सरळ आहे. पान मोडलं की माणूस वेबसाइटला शिव्या देत नाही. तो म्हणतो, 'दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालतंय की,' आणि तिकडे जातो.

म्हणून १०० च्या वेळी गूगल आणि मोझिलाने आधीच तयारी केली. मोझिलाने ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे फायरफॉक्सचं ९१ वं व्हर्जन चालू असतानाच, काही वापरणाऱ्यांच्या ब्राउझरला 'मी १०० आहे' असं सांगायला लावून प्रयोग केला. क्रोमने ९६ व्या व्हर्जनपासून एक छुपं बटण दिलं. ते चालू केलं की ब्राउझर सगळीकडे आपला आकडा १०० सांगायचा. डेव्हलपरने ते चालू करायचं, आपली वेबसाइट उघडायची आणि काय मोडतंय ते महिनोन् महिने आधी बघायचं.

मोडलेल्या गोष्टी सापडल्याही. त्यातलं गाजलेलं उदाहरण 'डुडा'चं. हे वेबसाइट बनवून देणारं टूल आहे. हॉटेलवाले, दुकानदार, छोट्या एजन्सी अशा टूलवर साइट बनवून घेतात. त्याच्या कोडमध्ये आकड्याचे पहिले दोनच अंक वाचले जात होते आणि ४० पेक्षा लहान असेल तर प्रवेश बंद. १०० चे झाले १०, आणि १० म्हणजे ४० पेक्षा लहान. त्यामुळे प्रश्न एका वेबसाइटचा नव्हता, त्या टूलवर बनलेल्या सगळ्यांचा होता. आणि ज्या दुकानदाराची ती साइट आहे, त्याने कोडची एक ओळही लिहिलेली नाही. त्याला फक्त एवढंच कळलं असतं की आज ऑर्डर येत नाहीयेत.

मला या सगळ्या प्रकरणातली ही बाजू जास्त महत्त्वाची वाटते. मोठ्या कंपनीकडे टेस्टिंगची टीम असते. पण आपल्या आजूबाजूला क्लासची, दवाखान्याची, पतसंस्थेची, लग्नाच्या हॉलची साइट असते. ती कुणीतरी ओळखीच्या पोराकडून एकदाच पैसे देऊन करून घेतलेली असते. तो पोरगा आता बंगळुरूला नोकरीला असतो. त्याने तेव्हा कुठूनतरी घेतलेली लायब्ररी तिथे तशीच पडून असते. वेबसाइट कुणी हात लावत नाही म्हणून बदलत नाही, पण ब्राउझर मात्र रात्रीतून स्वतःच अपडेट होतो. कुणाला विचारत नाही.

आणि तो किती वेळा होतो? २०११ च्या आधी फायरफॉक्सचं नवं मोठं व्हर्जन यायला वर्ष-दीड वर्ष लागायचं. क्रोमने २०१० मध्ये दर सहा आठवड्यांचं वेळापत्रक आणलं, फायरफॉक्सने २०११ मध्ये त्याच वाटेने जायचं ठरवलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ९४ व्या व्हर्जनपासून क्रोम चार आठवड्यांवर आला. म्हणून तर २००८ मध्ये जन्मलेला ब्राउझर तेराव्या वर्षीच शंभरीला टेकला.

प्लॅन बी काय होता?

समजा खूपच वेबसाइट्स मोडल्या असत्या तर? क्रोमने ऑपेराचीच युक्ती तयार ठेवली होती. पुढचा आकडा ९९ वरच गोठवायचा आणि खरा आकडा टिंबानंतर लिहायचा. म्हणजे क्रोम १०० ने स्वतःला ९९.१०० म्हणायचं, १०१ ने ९९.१०१. फायरफॉक्सचाही ९९ वर थांबायचा पर्याय होता. शिवाय मोझिलाकडे आणखी एक सोय आहे. ठरावीक वेबसाइटवर गेलं की फायरफॉक्स तिथे वेगळी ओळख सांगतो, बाकी सगळीकडे खरी. कुठल्या साइटवर असं चालू आहे ती यादी फायरफॉक्सच्या आतच एका पानावर बघता येते. 

प्रत्यक्षात प्लॅन बी लागला नाही. क्रोम १०० ठरल्या दिवशी आला, फायरफॉक्स १०० पाच आठवड्यांनी आला आणि बहुतेकांचं इंटरनेट नेहमीसारखं चाललं. 'एवढा गाजावाजा केला आणि काहीच झालं नाही,' असं लोक म्हणाले. वाय टू के नंतर पण हेच म्हणाले होते. काही झालं नाही, कारण आधी सहा-सात महिने लोक मोडकं शोधून दुरुस्त करत बसले होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. फायरफॉक्सच्या ओळखीच्या ओळीत 'आरव्ही' नावाचा एक तुकडा असतो आणि त्यापुढे व्हर्जनचा आकडा. गंमत अशी की इंटरनेट एक्स्प्लोरर ११ पण आपल्या ओळीत 'आरव्ही' लिहून पुढे ११ लिहायचा. वेबसाइटवाल्यांनी कोड लिहून ठेवले होते: 'आरव्ही ११' दिसलं की समजायचं इंटरनेट एक्स्प्लोरर आलंय, त्याला हाकला. 

आता फायरफॉक्सचं ११० वं व्हर्जन येणार होतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये. ११० ची सुरुवात कशाने होते? ११ ने.

म्हणजे ज्या फायरफॉक्सची मूळ कंपनीच इंटरनेट एक्स्प्लोररशी लढण्यात खर्ची पडली, त्याच फायरफॉक्सला वेबसाइट्स इंटरनेट एक्स्प्लोरर समजून बाहेर काढणार होत्या. तेही मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये एक्स्प्लोरर निवृत्त केल्यावर. यावेळी मोझिलाने जोखीम घेतली नाही. ११० पासून ११९ पर्यंत तो तुकडा १०९ वर गोठवला आणि १२० आल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पुन्हा मोकळा केला. दहा व्हर्जन्स वय चोरून काढली.

मग डेव्हलपरने करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे नाव विचारणं बंद करायचं आणि काम विचारायचं. 'तू क्रोम आहेस का, कितवा?' याच्याऐवजी 'तुला ही गोष्ट करता येते का?' एवढंच विचारायचं. येत असेल तर दाखव, नसेल तर साधी सोय दे. याला 'फीचर डिटेक्शन' म्हणतात. जावास्क्रिप्टमध्ये ते एका 'इफ'मध्ये होतं आणि सीएसएसमध्ये त्यासाठी 'सपोर्ट्स' नावाचा नियमच आहे. हे नवीन ज्ञान नाही, कुठल्याही चांगल्या कोर्समध्ये शिकवतात. तरीही लोक नाव विचारतात, कारण बॉस म्हणतो, 'तो बग फक्त सफारीत येतोय ना, मग सफारीपुरतं बंद करून टाक.' आजचं काम होतं.

आकडा बघावाच लागला, तर टिंबाच्या आधीचे सगळे अंक वाचायचे आणि त्यांची तुलना संख्या म्हणून करायची. आणि जुना ब्राउझर वाटला तरी दार बंद करायचं नाही. वर एक सूचना द्या आणि आत येऊ द्या. हे माझं मत आहे, पण ठाम आहे. कॉलेजमध्ये असताना एक ऑनलाइन फॉर्म भरायला मला फक्त त्या साइटला इंटरनेट एक्स्प्लोररच पाहिजे म्हणून सायबर कॅफे शोधायला लागला होता. शेवटची तारीख होती. फॉर्ममध्ये असं काहीही नव्हतं जे दुसऱ्या ब्राउझरला जमलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढचं व्हर्जन आधी चालवून बघणं. क्रोमचा 'बीटा' साधारण महिनाभर आधी हातात येतो, त्याच्याही आधी 'कॅनरी' असतो. फायरफॉक्सचा 'नाइटली' असतो. आठवड्यातून एकदा आपली साइट त्यात उघडून लॉगिन, फॉर्म आणि पेमेंट एवढं जरी करून बघितलं, तरी ग्राहकाच्या फोनआधी आपल्याला कळतं.

दरम्यान गूगलने त्या ओळखीच्या ओळीलाच कात्री लावली. क्रोम १०० हा पूर्ण आकडा सांगणारा शेवटचा. १०१ पासून पहिल्या आकड्यानंतर सगळी शून्यं येतात. कारण ब्राउझरचा बारीकसारीक आकडा, फोनचं मॉडेल, सिस्टिमचं व्हर्जन अशी माहिती एकत्र केली की कुकीशिवायही माणूस ओळखता येतो आणि जाहिरातवाले ते करतात. ज्यांना जास्त माहिती हवीय त्यांनी आता ती 'क्लायंट हिंट्स' नावाच्या पद्धतीने मागून घ्यायची.

या नव्या पद्धतीत क्रोम आपल्या नावांच्या यादीत एक नाव मुद्दाम बोगस टाकतो. त्याचा अर्थच 'हा ब्रँड नाही' असा होतो. क्रोम १०० मध्ये त्या बोगस ब्रँडचं व्हर्जन होतं ९९. हे नाव, त्याची जागा आणि त्यातली विरामचिन्हं अधूनमधून बदलत राहतात. का? तर वेबसाइटवाल्यांनी यादीतलं ठरावीक ठिकाणचं नाव वाचायची सवय लावून घेऊ नये म्हणून. लावली, तर त्यांचा कोड लगेच मोडतो, दहा वर्षांनी नाही.

बाकी, चार आठवड्यांच्या हिशोबाने वर्षाला १३ व्हर्जन्स धरली, तर क्रोम १००० यायला २०९१ साल उजाडेल. २०२२ मध्ये घाईघाईत दोन चौकोनांच्या जागी तीन चौकोन करून ज्यांनी काम भागवलं असेल, त्यांच्याकडे अजून भरपूर वेळ आहे.